मुंबई सिटीचं यश पैशाचं की प्रशिक्षकाचं? चवथीआधी मदत हवी

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याचा, म्हणजे एफसी गोवा या फुटबॉल क्लबचा. मावसभाऊ ठाण्याचा, मुंबई सिटीचा. चवथीला आला की आरती संपायच्या आत आमचं सुरू होतं.

माझं म्हणणं, 2020-21 ची आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, त्यांनी पैशाने विकत घेतली. नोव्हेंबर 2019 मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने, म्हणजे मँचेस्टर सिटीवाल्यांनी, क्लबचा 65 टक्के हिस्सा घेतला. पुढच्याच मोसमात आमचा प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा तिकडे. मागोमाग आमचे खेळाडू बुमू, जाहू, मोर्तादा फॉल आणि मंदार राव देसाई, आपला गोंयकार! 2019-20 ची लीग शील्ड (साखळी फेरीत अव्वल येणाऱ्याची ढाल) जिंकलेल्या संघाचा कणाच उचलून नेला. कोविडमुळे सगळे सामने गोव्यातच होते, त्यामुळे करंडकसुद्धा आमच्याच फातोर्डा स्टेडियमवर उंचावला. मोहन बागानविरुद्ध 2-1, बिपिन सिंगचा गोल 90 व्या मिनिटाला. जखमेवर मीठ, दुसरं काय.

भाऊ म्हणतो, "लोबेराला जानेवारी 2020 मध्ये तुम्हीच काढलंत, तेही गुणतालिकेत वर असताना. शिवाय पगारखर्चाला लीगची मर्यादा होती. मग पैसा आला कुठून?" आणि वर मिझोरामच्या ऐझॉल क्लबचं उदाहरण फेकतो. 2016-17 ची आय-लीग, म्हणजे देशातली दुसरी मोठी फुटबॉल लीग, त्या छोट्या क्लबने जिंकली. (आदल्या वर्षी त्यांची खालच्या लीगमध्ये घसरण झाली होती. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून ते परत आले. हेही आमच्याच माथी!)

यावर मला बोलताच येत नाही. क्लबचा पैसा मोजायचा कशावरून, खेळाडूंच्या खरेदीवरून की पगारावरून? आणि ऐझॉलला काय उत्तर देऊ?

प्रतिसाद 1
पगारावरून. फुकट आलेल्या खेळाडूची खरेदी शून्य दिसते, पण पगार घसघशीत असू शकतो. मर्यादा होती ती पगाराला. बुमूसाठी तर मुंबईने करार सोडवण्याची रक्कम भरली होती, ती विसरू नका.

ऐझॉलबद्दल भावाला एवढंच विचारा, पुढच्या मोसमात काय झालं? प्रशिक्षक खालिद जमील आणि खेळाडू अल अम्ना दोघेही ईस्ट बंगालला गेले. इंग्लंडच्या लेस्टर क्लबचंही तेच. 2016 ला प्रीमियर लीग जिंकली आणि लगेच त्यांचा खेळाडू कांटे चेल्सीकडे. पुढच्या वर्षी चेल्सी विजेती, 2023 ला लेस्टर खालच्या लीगमध्ये. गरीब क्लब एखादा मोसम मारून नेतो, संघ टिकवू शकत नाही. तुमच्या गोव्याचंही नेमकं हेच झालं.

प्रतिसाद 2
पैसाच सगळं असता तर पॅरिस सेंट-जर्मेनने कधीच चॅम्पियन्स लीग जिंकली असती. कतारवाले मालक 2011 ला आले, 2017 ला नेमारवर 22.2 कोटी युरो उधळले. करंडक मिळाला 2025 ला, नेमार, मेस्सी, एम्बाप्पे तिघेही गेल्यावर. मँचेस्टर युनायटेडची थैली काही लहान नाही, पण 2013 नंतर लीग नाही.

धागाकर्ता
ऐझॉलचं उत्तर मिळालं, देव बरें करूं. पण लोबेराला आम्हीच काढलं, त्याचं काय सांगू?

प्रतिसाद 1
त्याला उत्तर नाही. त्या वेळी नेवरी (करंजी) तोंडात घाला.