नागपुरात आउटडोअर पोर्ट्रेटचे पैसे घ्यायला सुरुवात: दर किती, जागा कोणती, वेळ कोणती?

कडक_ऊन

सामान एवढे आहे: २४ मेगापिक्सेलची क्रॉप (छोट्या) सेन्सरची कॅमेरा बॉडी, १८-५५ किट लेन्स, ५० एमएम एफ/१.८, एक स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर लावायचा फ्लॅश) आणि ४२ इंची फाइव्ह-इन-वन रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा पडदा). आतापर्यंत ओळखीत फुकट फोटो काढून दिले. आता साडीतले पोर्ट्रेट, लहान पोरांचे वाढदिवसाआधीचे फोटो असे विचारायला लोक येत आहेत आणि "किती घेणार?" हे पण विचारतात. तीन गोष्टी पाहिजेत. दर कसा काढायचा, कुठे आणि किती वाजता शूट ठेवायचे, आणि कागदोपत्री काय लागते. स्टुडिओ नाही, काढायचाही नाही. सगळे बाहेरच.

तर्रीपोहे

भाऊ, दराआधी वेळ ठरव. वेळ चुकली तर दर कितीही लाव, गिऱ्हाईक परत येणार नाही.

पहिली गोष्ट, पुण्या-मुंबईच्या व्हिडिओतल्या घड्याळावर जाऊ नको. आपण त्यांच्या पूर्वेला आहोत. पुण्यापेक्षा साधारण २० आणि मुंबईपेक्षा २५ मिनिटे आधी सूर्य सरकतो, उगवतानाही आणि मावळतानाही. मे अखेरीस सूर्योदय साडेपाचच्या आसपास, सूर्यास्त पावणेसातनंतर. डिसेंबरात सूर्योदय पावणेसातच्या सुमारास आणि सूर्यास्त साडेपाच ते पावणेसहा. म्हणजे हिवाळ्यात "ऑफिस सुटल्यावर सहाला येतो" म्हणणाऱ्याला सरळ नाही सांगायचे, तोवर अंधार झालेला असतो.

दुसरी गोष्ट, सूर्य किती वर आहे ते बघ. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांच्या वर गेला की भुवईची सावली डोळ्यात आणि नाकाची सावली ओठावर येऊ लागते. डिसेंबरात सकाळी साडेनऊला सूर्य जेवढा वर असतो तेवढा मे अखेरीस आठलाच असतो. म्हणून उन्हाळ्यात सकाळी पावणेसहा ते साडेसात, बस. संध्याकाळी पावणेसहाच्या आधी बोलवायचेच नाही, ४४-४५ अंश तापमानात मेकअप वितळतो आणि पोरगं रडते. डिसेंबर-जानेवारीत मात्र भर दुपारीसुद्धा सूर्य ४५-५० अंशांवरच राहतो, सावली बघून कधीही काम होते. आपला खरा सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्या चार महिन्यांत रविवारच्या दोन्ही वेळा भरल्या पाहिजेत.

एक फसवी गोष्ट. "इमारतीच्या उत्तरेच्या भिंतीला मऊ सावली मिळते" हे सगळीकडे लिहिलेले असते. आपले अक्षांश २१ च्या थोडे वर. साधारण २७ मे ते १६ जुलै दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडेच असतो. त्या दिवसांत उत्तरेच्या भिंतीवरसुद्धा ऊनच.

आता जागा. सेमिनरी हिल्सची झाडी आणि सिव्हिल लाइन्सचे जुने मोठे वृक्ष, ही दोन ठिकाणे वर्षभर चालतात. पण झाडाखाली उभे केले की आधी कवडसे बघ. कडुलिंबाच्या विरळ सावलीत चेहऱ्यावर पांढरे ठिपके पडतात आणि ते एडिटिंगमध्ये जात नाहीत, कितीही घासा. दाट पानांचे झाड घे आणि माणसाला सावलीच्या कडेला, उघड्या आभाळाकडे तोंड करून उभे कर. फुटाळा तलावावर संध्याकाळी पाण्यावरचा उजेड मस्त, पण सुट्टीच्या दिवशी मागे चाटवाले आणि सेल्फीवालेच येतात. तिथे शनिवार-रविवार सकाळीच. सूर्यास्ताची जागा जून ते डिसेंबर क्षितिजावर जवळपास ५० अंश सरकते. उन्हाळ्यात पाहून ठेवलेली फ्रेम हिवाळ्यात मिळणार नाही, आदल्या आठवड्यात त्याच वेळी चक्कर मार.

डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते तेव्हा सिव्हिल लाइन्स विसर. बॅरिकेड, बंदोबस्त, प्रत्येक कोपऱ्यावर विचारपूस. वायुसेनेच्या हद्दीच्या भिंती, फाटके, पाट्या फ्रेममध्ये कधीच नको, आणि विमानतळ व वायुसेना जवळ असलेल्या शहरात ड्रोनचे आश्वासन कोणाला देऊ नको. बागेत मोबाइलने फोटो काढले तर कोणी काही बोलत नाही. लाइटस्टँड किंवा रिफ्लेक्टर उघडला की चौकीदार येतो. आधी फाटकावर विचारून जे शुल्क असेल त्याची पावती घे. बाग कोणाची ते पण बघ. महाराजबाग कृषी महाविद्यालयाच्या ताब्यात आहे, महापालिकेचा कागद तिथे चालत नाही.

धंतोलीचा_मुनीम

दराबद्दल. "बाजूचा किती घेतो" यावरून दर काढणारे वर्षभरात कॅमेरा विकतात. तासांवरून काढा.

दीड तासाचे शूट धरा. जाणे-येणे १ तास, फोनवर ठरवाठरवी अर्धा तास, ३०० फ्रेममधून निवड १ तास, २० फोटो प्रत्येकी ८ मिनिटे म्हणजे २ तास ४० मिनिटे, अपलोड आणि पाठवणे २० मिनिटे. एकूण ७ तास. तासाचे ३०० रुपये धरले तर २१००. पेट्रोल आणि प्रवेश शुल्क १५०. कॅमेरा, लेन्स, कार्ड मिळून ९०,००० चे सामान असेल, ३ वर्षे टिकेल आणि वर्षाला ४० शूट होतील असे धरले, तर प्रत्येक शूटवर ७५० घसारा, म्हणजे सामानाची झीज. झाले ३०००. यात तुमचे आकडे घाला, माझे वापरू नका. पण घसाऱ्याची ओळ खोडू नका. नवखे तीच विसरतात आणि शटर गेले की घरच्यांकडे पैसे मागतात.

सुरुवातीला कमी घ्यायचे असेल तर दर कमी करू नका, काम कमी करा. ४५ मिनिटे, एक पोशाख, ८ फोटो, १२०० रुपये. कारण ५०० रुपयांत २० फोटो दिलेला माणूस पुढचे तीन जण ५०० वालेच पाठवतो. रामटेक, खिंडसी अशी बाहेरची ठिकाणे असतील तर अर्धा दिवस जातो. प्रवासाचे वेगळे लावा आणि आधीच सांगा.

"सगळे फोटो द्या" हा वाद शंभर टक्के होणार. किती फोटो देणार तो आकडा पैसे घेण्याआधी लिहून गेला पाहिजे. रॉ फाइल (कॅमेऱ्यातली एडिट न केलेली मूळ फाइल) देत नाही, हेही.

कागद: सेवा व्यवसायाला जीएसटी नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर लागते, त्यामुळे आत्ता तो विषय नाही. बिलावर जीएसटी लावायचाही नाही, नोंदणी नसताना तो वसूल करणे चूक आहे. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पॅन आणि आधारवर फुकट होते. त्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइट सरकारी नाहीत. शूटच्या पैशांसाठी वेगळे बचत खाते आणि वेगळा क्यूआर ठेवा. ते उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवायचेच आहे, मार्चमध्ये यूपीआयची यादी चाळत बसायला नको.

आणि एक मोठी गफलत. अमेरिकन व्हिडिओ पाहून सगळ्यांना वाटते की फोटो काढला म्हणजे कॉपीराइट आपला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ प्रमाणे, कोणी मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो पैसे देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे गिऱ्हाइकाचा फोटो तुमच्या पेजवर टाकायचा हक्कसुद्धा आपोआप तुमचा नाही. करार लेखी पाहिजे.

कडक_ऊन

कलम १७ चे माहीतच नव्हते. स्टॅम्प पेपर लागेल का? आणि उन्हात ५० एमएम एफ/१.८ वर फोटो पांढरे पडतात, फ्लॅश लावला की अजून पांढरे. काऊन होते हे?

कवडसा

गणित बघा. एफचा आकडा लहान तितके लेन्सचे भोक मोठे, आयएसओ म्हणजे सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते. कडक उन्हात एफ/१६ ला शटर साधारण १/आयएसओ लागते. आयएसओ १०० वर एफ/१.८ उघडले की शटर १/८००० च्या आसपास पाहिजे. तुमच्या बॉडीची मर्यादा बहुधा १/४००० असेल, म्हणून पांढरे. एफ/२.८ केले की १/३२०० मध्ये बसते. फ्लॅश लावला की बॉडी शटरला सिंक स्पीडवर (फ्लॅशसोबत चालणारे सगळ्यात वेगवान शटर), म्हणजे १/२०० किंवा १/२५० वर आणते, म्हणून अजूनच पांढरे. हाय स्पीड सिंक चालू केले तर शटर वाढते, पण फ्लॅशची ताकद इतकी घटते की सॉफ्टबॉक्समधून (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) ४-५ फुटांवर काहीच पोचत नाही. ३ स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवरची काळी काच; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) घेता येतो, मात्र फ्लॅशचा उजेडही तोच खातो.

तसेही १.८ वर काम करायचे कारण नाही. क्रॉप बॉडीवर ५० एमएम, अंतर २ मीटर, एफ/१.८: फोकसची खोली जेमतेम ११-१२ सेंटिमीटर. मान जरा तिरकी केली की दूरचा कान जातो, पुढे-मागे झुकले की डोळाच जातो. एकट्यासाठी २.५ ते २.८, दोघांसाठी ४, आईच्या कडेवर पोर असेल तर ४ ते ५.६ आणि दोघांचे डोळे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर. शटर मोठ्यांना १/२५०, धावणाऱ्या पोराला १/८०० च्या खाली नको. पार्श्वभूमी धूसर करायला भोक मोठे करण्यापेक्षा माणसाला मागच्या झाडापासून १५-२० फूट पुढे आणा. किट लेन्स १८ वर लावून चेहऱ्याजवळ जाऊ नका, नाक मोठे होते आणि गिऱ्हाईक तुम्हालाच दोष देते.

फ्लॅशऐवजी रिफ्लेक्टर. सूर्य माणसाच्या पाठीमागे, पांढरी बाजू ३-४ फुटांवर, छातीच्या उंचीला. जमिनीवरून खालून मारला तर हनुवटी उजळते आणि चेहरा भुतासारखा दिसतो. चंदेरी बाजू उन्हात डोळ्यात सुई टोचल्यासारखी लागते. सोनेरी तर आपल्या गव्हाळ, सावळ्या रंगावर सरळ नारिंगी होते. ती बाजू घरीच ठेवा. धरायला दुसरा माणूस पाहिजे, नाहीतर वाऱ्याने स्टँड गेलाच समजा. डोळे मिचकावणाऱ्यांना डोळे मिटायला सांगा, तीन मोजा, उघडल्या क्षणी शटर दाबा.

पावसाळ्यानंतर हिरवळ दाट झाली की हनुवटीखाली आणि पांढऱ्या कुर्त्यावर हिरवट झाक येते. व्हाइट बॅलन्सने (रंगांची झाक काढणारी सेटिंग) ती जात नाही, कारण वरून निळे आभाळ आणि खालून हिरवे गवत असे दोन रंग एकदम पडतात. पायाशी, फ्रेमच्या बाहेर, पांढरी चादर अंथरा. हा पाच पैशांचा उपाय कोणी करत नाही.

तयार प्रीसेट (एका क्लिकमध्ये लागणारे एडिटिंग) लावू नका, ते बहुतेक गोऱ्या कातडीवर बनवलेले असतात. पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (राखाडी पुठ्ठा) धरून व्हाइट बॅलन्स तिथून घ्या. "जरा गोरं करून द्या" म्हणतीलच. एडिटिंगमध्ये ऑरेंजची ल्युमिनन्स (नारिंगी रंगाचा उजळपणा) +१० च्या पुढे नेली की चेहरा मान-हातांपासून सुटा दिसतो. तोच फोटो शेजारी ठेवून दाखवला की बरेच जण ऐकतात.

तर्रीपोहे

फ्लॅश अगदीच बाद करू नको राजेहो. सूर्य मावळल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटे आहेत ना, तिथे शटर १/१६० वर येते, सिंकची कटकट नाही, आणि उणे दीड-दोन स्टॉपवर छोट्या छत्रीतून मारलेला स्पीडलाइट सुंदर बसतो. पण स्टँडला वाळूची पिशवी लटकव.

आणि लेन्स कूलरच्या खोलीत ठेवू नको. एप्रिल ते जून आपल्याकडे घरोघरी डेझर्ट कूलर, खोली दमट, आणि बाहेर कोरडे म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. बुरशी तिथेच धरते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल (ओल शोषणाऱ्या पुड्या), फार खर्चाचे काम नाही. शूटला जाताना बॅग दुपारी गाडीत बंद करून ठेवू नको, बॅटऱ्या आधी जातात.

कवडसा

संध्याकाळच्या वेळेपुरते मान्य. भर उन्हात नाही.

धंतोलीचा_मुनीम

स्टॅम्प पेपरची गरज नाही. व्हॉट्सॲपवर हा मजकूर पाठवा आणि उत्तर येईपर्यंत तारीख पक्की धरू नका:

"रविवार, सकाळी ७.१५, सेमिनरी हिल्स. शूट ९० मिनिटे, २ पोशाख. रंग दुरुस्त केलेले २० फोटो १० दिवसांत लिंकवर. रॉ फाइल आणि न निवडलेले फोटो दिले जाणार नाहीत. रक्कम ३००० रु.; १००० आगाऊ, २००० शूट संपल्यावर त्याच ठिकाणी. पाऊस आला तर तारीख एकदा मोफत बदलू. शूटच्या आधीच्या २४ तासांत तुम्ही रद्द केल्यास आगाऊ परत नाही, मी रद्द केल्यास पूर्ण परत. कॉपीराइट छायाचित्रकाराकडे, तुम्हाला घरगुती वापर, छपाई आणि तुमच्या सोशल मीडियासाठी पूर्ण मुभा. माझ्या पेजवर फोटो टाकायला परवानगी: हो / नाही. मान्य असल्यास 'मान्य' लिहा."

परवानगीचा 'नाही' आला तर वाद नको, दर तोच. लहान मुलांच्या बाबतीत हे उत्तर आई-वडिलांपैकी एकाने स्वतःच्या नंबरवरून द्यावे, मावशीने नाही. मुलगी एकटी येणार असेल तर सोबत कोणालातरी आणा असे तुम्हीच सांगा. पोज दुरुस्त करायला हात लावायचा नाही, स्वतः उभे राहून दाखवायचे. कपडे बदलायची सोय कुठे आहे ते आधी पाहून ठेवा. झाडामागे हे उत्तर नाही.

फोटो पाठवताना दोन फोल्डर. एकात मोबाइलसाठी लांब बाजू २०४८ पिक्सेल, दुसऱ्यात पूर्ण आकार, दोन्ही एसआरजीबी (नेहमीचा रंगसंच) जेपेग. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाते आणि तीच घेऊन लोक लॅबमध्ये जातात. ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ८×१२ इंचाला २४००×३६०० पिक्सेल पुरतात. १२×१८ ला ३६००×५४०० लागतात, तुमच्या ६०००×४००० मधून फार कापले तर ती छपाई गेली. म्हणून शूट करताना थोडी मोकळी फ्रेम ठेवा.

कडक_ऊन

हे सगळे लिहून घेतले. शेवटचे एक: नात्यातल्या लोकांचे काय? मामेबहिणीला ३००० सांगायचे?

धंतोलीचा_मुनीम

मेसेज तोच पाठवा. रक्कम ३००० लिहा, खाली "घरचे म्हणून सूट" आणि जी असेल ती, पूर्ण ३००० ची असली तरी. फोटो २०च, दिवस १०च.

तर्रीपोहे

आणि फोटो मिळाल्याचा निरोप येईपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नको. तुझ्या बॉडीला एकच स्लॉट असेल तर ६४ जीबीचे एक कार्ड लावण्यापेक्षा ३२ ची दोन घे, अर्ध्या शूटला बदल. घरी गेल्यावर आधी दोन ठिकाणी कॉपी, मग जेवण.