गाडीची पुढची नंबरप्लेट बदलताना : ठाणे आणि नवी मुंबईतील अनुभव

पाचपाखाडी, ठाणे (धागाकर्ती)

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजे सगळे जिला एचएसआरपी म्हणतात ती, बसवून घेणे आपल्या राज्यात बंधनकारक झाले. ३१ मार्च २०२५ ही त्यासाठीची पहिली मुदत पुढे पुन्हा पुन्हा वाढत गेली. या काळात आमच्या इमारतीत बोलणे होत होते ते बहुतेक तारखेचे आणि शुल्काचे. चारचाकीला ७४५ रुपये आणि त्यावर कर मिळून ८७९ रुपये १० पैसे लागतात, एवढे एव्हाना सर्वांना पाठ झाले आहे. प्रत्यक्ष अडचणी मात्र मी पाहिल्या त्या पुढच्या प्लेटपाशी. मागची प्लेट डिकीवर तिच्यासाठी केलेल्या जागेत बसते. पुढची प्लास्टिकच्या बंपरवर असते आणि धक्का, पाणी, उडालेली खडी हे सर्व आधी तिलाच लागते. म्हणून पुढच्या प्लेटचेच अनुभव आपण सविस्तर लिहावेत, अशी विनंती आहे.

सुरुवात माझ्यापासून करते. माझी गाडी २०१४ सालची आहे. जुनी प्लेट ज्या दोन स्क्रूंवर होती ते इतके गंजले होते की केंद्रावरच्या मुलाला ते कापून काढावे लागले. नवी प्लेट ५०० मिलिमीटर लांब आणि १२० मिलिमीटर उंच असते. तिची भोके बंपरच्या जुन्या भोकांशी जुळेनात, तेव्हा त्याने मला न विचारता ड्रिल हातात घेतले. मी त्याला थांबवले, प्लेट आधी नुसती धरून ती आडव्या रेषेत आहे का ते दुरून पाहिले आणि मगच भोके पाडू दिली. एचएसआरपीचे स्नॅप लॉक एकदा बसले की तोडल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे नंबर, स्पेलिंग आणि सरळपणा हे तिन्ही कुलूप बसण्यापूर्वीच तपासले पाहिजे.

कळवा

आमची अडचण केंद्रावर पोचण्याच्या कितीतरी आधीची होती. गाडी २००६ सालची, वडिलांच्या नावावरची. ऑनलाइन वेळ घेताना चासी आणि इंजिन क्रमांकांचे शेवटचे पाच अंक विचारले जातात आणि ते परिवहन विभागाच्या नोंदीशी तंतोतंत जुळावे लागतात. आरसी बुकावरून पाहून अंक भरले तरी दर वेळी नोंद सापडत नसल्याचा संदेश येत होता. शेवटी बॉनेट उघडून, इंजिनवरचा क्रमांक कापडाने पुसून, विजेरीच्या उजेडात वाचला, तेव्हा कळले की आरसी बुकावर जिथे शून्य छापले आहे तिथे प्रत्यक्षात आठ आहे. एवढी वर्षे ही चूक कोणाच्याही लक्षात आली नव्हती, कारण तो क्रमांक जुळवून पाहण्याची वेळच आली नव्हती. दुरुस्तीसाठी अर्ज, गाडीची प्रत्यक्ष तपासणी, वडिलांची सही, असे करत तीन हेलपाटे झाले. वडिलांचे वय ८१ आहे आणि त्यांना जिने चढवत नाहीत, हे मी खिडकीवर सांगितल्यावर तिथल्या एका कर्मचारी बाईंनी खाली गाडीपाशी येऊन त्यांची सही घेतली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. ज्यांच्या गाड्या जुन्या आहेत त्यांनी वेळ घेण्याआधी इंजिनवरचा क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा.

ऐरोली

माझी नवी प्लेट बसून जेमतेम दोन महिने झाले होते. जुलैतल्या एका रात्री कामावरून परतताना रस्त्यावर गुडघाभर पाणी होते आणि पुढची गाडी निघाली म्हणून मीही मागोमाग घातली. त्या पाण्यातून गाडी सुखरूप बाहेर आली याचेच समाधान वाटले. सकाळी वॉचमनकाका म्हणाले, “साहेब, तुमच्या गाडीला नंबर नाही.” पाण्याचा दाब प्लेटच्या खालच्या कडेवर येतो, ती वर वाकते आणि बंपरचे पातळ प्लास्टिक भोकापाशी फाटून प्लेट कुलपासकट निघून जाते. माझ्या बंपरवर तशा दोन फाटलेल्या खुणा होत्या. त्याच रस्त्यावर परत जाऊन कडेचा गाळ तुडवत तासभर शोधले. दुसऱ्याच दोन गाड्यांच्या प्लेटा सापडल्या, माझी नाही. त्या दोन्ही मी पोलिस चौकीत नेऊन दिल्या.

प्लेट हरवली असेल तर पोलिस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत जोडावी लागते. मोडली असेल तर मोडकी प्लेट परत द्यावी लागते. फक्त पुढची प्लेट मागवता येते, दोन्हींचे पैसे भरावे लागत नाहीत. एक गोष्ट मला ठाऊक नव्हती, ती इथे नोंदवतो. पुढच्या आणि मागच्या प्लेटवर डाव्या बाजूला खाली लेझरने कोरलेले क्रमांक वेगवेगळे असतात आणि समोरच्या काचेवर आतून लावलेल्या स्टिकरवर ते दोन्ही छापलेले असतात. पुढची प्लेट बदलली की स्टिकरही नवा घ्यावा लागतो. मी तो मागून घेतला नसता तर काचेवर गेलेल्या प्लेटचाच क्रमांक राहिला असता. नवी प्लेट बसवताना बंपरच्या फाटलेल्या भागामागे मी पत्र्याची पट्टी लावून घेतली आहे.

मानपाडा

आमच्या संकुलात चाळीसेक गाड्यांची नोंदणी एकत्र केल्यावर बसवणारेच आवारात आले आणि दोन दिवसांत काम झाले. तक्रार काही नाही.

वागळे इस्टेट

माझे डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. समोरून ठोकर बसलेली गाडी येते तेव्हा मालक म्हणतात की प्लेट ठोकून सरळ करा आणि रिव्हेट मारून द्या. कृपा करून असे सांगू नका. ॲल्युमिनियम सरळ होते, पण वरचा परावर्तक थर हातोड्याने तडकतो आणि रात्री प्रकाश पडला की अंक तुटक दिसतात. डाव्या कोपऱ्यातला अशोकचक्राचा होलोग्रामही असाच जातो. रंगकामासाठी बंपर उतरवायचा तर बहुतेक वेळा कुलूप तोडावे लागते, म्हणून विम्याचा दावा करताना नव्या प्लेटचा खर्च अंदाजपत्रकात आधीच लिहून घ्या. काम झाल्यावर तो घालून मिळत नाही. प्लेटवर चकचकीत प्लास्टिकचे आवरणही नको. त्याखाली पाणी आणि धूळ साचते आणि अंक अंधूक होतात. नव्या गाड्यांच्या बंपरमध्ये सेन्सर असतात, त्यामुळे ड्रिल मारण्यापूर्वी मागे वायर आहे का, हे बसवणाऱ्याला विचारा.

कोपरी

माझ्या गाडीवर सतरा वर्षे मराठी अंक होते. ते मी हौसेने नव्हे, निष्ठेने लावले होते. शाळेत मी मराठीच शिकवले आणि माझ्या गाडीचा क्रमांक माझ्या लिपीत असावा, असे मला मनापासून वाटत होते. ४१४१ चे ‘दादा’ करून मिरवणाऱ्यांशी माझी तुलना दोनदा झाली, त्याचे वाईट वाटले. परंतु केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ५० नुसार अक्षरे इंग्रजी आणि अंक आंतरराष्ट्रीय पद्धतीचेच हवेत. पुढच्या नियमाने मोटारीच्या अक्षरांची उंची ६५ मिलिमीटर आणि जाडी १० मिलिमीटर ठरवली आहे. परराज्यातल्या पोलिसाला, कॅमेऱ्याला, किंवा अपघातानंतर पळणाऱ्या गाडीकडे पाहणाऱ्या कोणालाही तो क्रमांक क्षणात वाचता यावा, हा त्यामागचा हेतू आहे. माझ्या नातीने तो मला समजावला आणि मला तो पटला. जुनी प्लेट मी घरात पुस्तकांच्या कपाटावर ठेवली आहे.

खारघर

कर्ज फिटल्यावर बँकेचा बोजा आरसीवरून उतरवायला गेलो तेव्हा एचएसआरपी नाही म्हणून काम अडले. मालकी हस्तांतरण आणि पत्ता बदल यांनाही हेच लागू आहे. गाडी विकायची असेल तर हे आधी उरकून घ्या.

नेरूळ

कोपरीच्या सरांची प्लेट घरात आहे हे वाचून बरे वाटले, कारण जुनी प्लेट केंद्रावर सोडून येणारे मी अनेक पाहिले. माझ्या नावावर, मी कधी न गेलेल्या एका शहरातले चलन आले होते. छायाचित्र उघडले तर क्रमांक माझा, गाडी दुसऱ्याच कंपनीची आणि रंगही वेगळा. समोरची प्लेट साधी होती, तिच्यावर निळ्या रंगातले ‘आयएनडी’ नव्हते आणि होलोग्रामही नव्हता. माझ्या गाडीची चारही बाजूंची छायाचित्रे, आरसी आणि त्या दिवशीच्या फास्टॅगच्या नोंदी जोडून मी ऑनलाइन तक्रार केली, पोलिस ठाण्यातही अर्ज दिला आणि पाच आठवड्यांनी चलन रद्द झाले. माझा क्रमांक त्या माणसाने कुठून उचलला हे कळले नाही. त्यानंतर पत्नीच्या गाडीची प्लेट बदलली, तेव्हा जुन्या दोन्ही प्लेटा मी मागून घेतल्या, पत्रा कापायच्या कात्रीने अंकांच्या मधोमध त्यांचे तुकडे केले आणि ते दोन वेगवेगळ्या दिवशी भंगारात दिले.