मंडळ केंद्राचं म्हणून लिलावावर शेवटचा शब्द त्याचाच?

तंबाखू किंवा मसाल्यांसारख्या पिकाचं केंद्रीय मंडळ संसदेच्या कायद्याने स्थापन झालंय, म्हणून त्या पिकाच्या लिलावावर राज्याच्या बाजार समितीचा काहीच हक्क उरत नाही, असं काही जण म्हणतात. हे इतकं सरळ नाही.

तंबाखूचंच उदाहरण घ्या. १९७५ च्या तंबाखू मंडळ कायद्यात व्हर्जिनिया (सिगारेटसाठी वापरल्या जाणाऱ्या) तंबाखूची विक्री मंडळाच्या लिलाव केंद्रांवर करण्याची तरतूद आहे. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकच्या प्रकरणात राज्याच्या बाजार कायद्यापेक्षा हाच केंद्रीय कायदा वरचढ ठरवला होता. पण २००२ मध्ये, आयटीसी (सिगारेट कंपनी) विरुद्ध बिहारमधली बाजार समिती या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्याच घटनापीठाने (पाच न्यायाधीशांच्या पीठाने) बहुमताने तो निकाल फिरवला. मुद्दा असा होता: राज्यघटनेत केंद्राचे आणि राज्याचे विषय वेगवेगळ्या सूच्यांत दिलेत; केंद्राच्या सूचीतल्या ५२ व्या नोंदीतला 'उद्योग' म्हणजे कारखान्यातली निर्मिती. तंबाखूचं पान कारखान्यात जाण्याआधीची खरेदी-विक्री त्यात बसत नाही. 'बाजार आणि जत्रा' ही राज्य सूचीतली २८ वी नोंद, त्यामुळे कच्च्या तंबाखूवर बाजार फी घ्यायचा समितीचा अधिकार टिकला. (बिहारने तो बाजार कायदा २००६ मध्ये रद्दच केला, ती गोष्ट निराळी.)

म्हणून मंडळाने एखादं परिपत्रक काढलं की आधी दोन गोष्टी बघाव्यात: मूळ कायद्यात त्याला आधार आहे का, आणि तो विषय मुळात संसदेच्या कक्षेत येतो का. उदाहरणार्थ, मसाले मंडळाच्या अखत्यारीतल्या वेलदोड्याच्या लिलावासाठी १९८७ चे परवाना व विपणन नियम आहेत, लिलावदाराचा परवाना त्यांतूनच मिळतो. नुसत्या ठरावाने नवी फी किंवा नवी अट लादली, तर ती कोर्टात टिकणं अवघड.