घाटात जाणाऱ्यांसाठी: वेग, ब्रेक आणि पोलिसांची तपासणी (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

ए-१०३: शनिवारी आपल्या गाड्या आणि बाईक एकत्र घाटात निघतायत. पोलीस कुठे उभे आहेत ते पुढच्या गाडीने ग्रुपवर टाकत जायचं का? मागच्यांना बरं पडेल.

सी-५०२: दादा, हे नको. चालवणाऱ्याने वळणावर फोन बघायचा, हाच मुळात धोका. शिवाय पोलीस आहेत म्हटलं की माणूस तेवढ्यापुरता करकचून ब्रेक मारतो आणि पुढे गेला की पुन्हा रेटतो. मागच्याला त्या ब्रेकचं कारणच कळत नाही. दगड आलेत, तेल सांडलंय, धुकं दाटलंय, हे मात्र जरूर कळवा. टाईप शेजारी बसलेल्याने करायचं.

ए-१०३: पटलं ताई. पण अपघात होतात वळणावर आणि पोलीस उभे असतात सरळ तुकड्यावर. याला सुरक्षा कसं म्हणायचं?

बी-२०१: त्याला कारण आहे. स्पीडगन जवळजवळ रस्त्याच्या रेषेत धरावी लागते. कोन वाढला की वेग खऱ्यापेक्षा कमी दिसतो. २० अंशांच्या कोनातून पाहिलं तर ८० ची गाडी साधारण ७५ दाखवते. वळणावर हा कोन सतत बदलत राहतो, म्हणून मोजणी सरळ तुकड्यावर. आणि पुढच्या वळणाचा वेग त्याच तुकड्यावर ठरतो. तिथे ८० ला गेलेला माणूस वळणाच्या तोंडाशी घाबरून ब्रेक दाबतो, तेही स्टिअरिंग वळवलेलं असताना.

बी-२०१: हे आकडे एकदा नीट बघा. ३० मीटर त्रिज्येचं वळण धरा, घाटात अशी भरपूर असतात. ४० च्या वेगाने घेतलं तर टायरवर आडवा ताण गाडीच्या वजनाच्या ४२ टक्के येतो. ५० ला ६६ टक्के. ६० ला ९४ टक्के, म्हणजे कोरड्या डांबरावरही साध्या टायरची पकड संपल्यात जमा. ओल्या रस्त्यावर ५० लाच गाडी घसरायच्या बेतात असते. ४० आणि ६० मध्ये फरक फक्त २० चा वाटतो, ताण मात्र सव्वादोनपट होतो.

डी-४०४: यात थांबायचं अंतरही धरा. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद. ६० ला कोरड्या रस्त्यावर एकूण ४५ मीटर लागतात, ओल्यावर ६०. ४० ला २६ आणि ३२. हे सपाटीचे आकडे आहेत. ८ टक्के उतार असेल तर ६० च्या ओल्या अंतरात आणखी ८-९ मीटर वाढतात. आंधळ्या वळणावर पुढचा रस्ता जेमतेम ३० मीटर दिसत असेल, तर वेग किती हवा हे पाटी बघायच्या आधीच कळतं. एकच गाडी मावेल असा अरुंद रस्ता असेल तर दिसणाऱ्या अंतराच्या निम्म्यात थांबता आलं पाहिजे, कारण समोरच्यालाही थांबायला जागा लागते.

ए-३०१: काका, मग सगळीकडे सरासरी वेग मोजणारे कॅमेरे का लावत नाहीत? दोन टोकांना नंबरप्लेट वाचायची आणि मधला वेळ मोजायचा.

डी-४०४: लावतात. इंग्लंडमध्ये मॅकल्सफील्ड ते बक्स्टन हा ‘कॅट अँड फिडल’ नावाने ओळखला जाणारा डोंगरी रस्ता बाईकवाल्यांत फार लोकप्रिय आहे, तिथे २०१० मध्ये असेच कॅमेरे लागले. एका जागी ब्रेक मारून तिथे भागत नाही, हा मोठा फायदा. पण वळणांच्या रस्त्यावर याची एक मर्यादा आहे. १२ किलोमीटरचा टप्पा ५० च्या सरासरीने पार करायला १४ मिनिटं २४ सेकंद लागतात. कोणी सरळ तुकड्यांवर ९० ने पळून वाटेत फोटोसाठी चार मिनिटं थांबला, तर कॅमेऱ्याच्या हिशेबात तो सज्जन ठरतो. आणि मधली रेघ ओलांडणं कॅमेऱ्याला वेगातून दिसत नाही. माझ्या मते घाटात फिरती गस्त हवीच.

सी-५०२: मधल्या रेघेचा मुद्दा बाईकवाल्यांनी लक्षात ठेवा. समोरून येणाऱ्याची बाजू ज्या अंगाला आहे तिकडे वळताना चाकं आपल्या लेनमध्ये असतात, पण झुकलेलं डोकं आणि खांदा रेघेच्या पलीकडे गेलेला असतो. समोरून बस आली तर धडक डोक्यालाच. म्हणून अशा वळणात चाक रेघेपासून चांगलं लांब ठेवायचं. वळण कुठे संपतंय ते दिसेपर्यंत वळणाच्या आतल्या कडेला शिरायची घाई नको. लवकर आत घेतलेली गाडी शेवटी बाहेर फेकली जाते. आणि नजर वळणातून बाहेर पडायच्या वाटेवर ठेवा. कठड्याकडे बघत राहिलात तर हातही तिकडेच वळतात.

ए-३०१: सायलेन्सर बदललेल्या बाईक सरसकट अडवतात, त्याचं काय?

सी-५०२: उभ्या बाईकचा आवाज मोजायची ठरलेली रीत आहे. मीटर सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर लांब, ४५ अंशांच्या कोनात, इंजिन ठरावीक फेऱ्यांवर. मूळ सायलेन्सर बसवून घ्या, वादच नको. दरीत आवाज घुमतो, खालच्या गावांना तो दिवसभर ऐकावा लागतो.

बी-२०१: आता उतार. माझ्या मते खरी भीती इथे आहे. १५०० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात २३ लिटर पाणी उकळीला येईल. न्यूट्रलमध्ये उतरलात तर ही जवळपास सगळी उष्णता ब्रेकमध्ये जाते. आणि न्यूट्रलने पेट्रोलही वाचत नाही. गिअरमध्ये उतरताना आजच्या इंजिनात इंधन पूर्ण बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच.

ए-१०३: म्हणजे चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं?

बी-२०१: जुना नियम तोच, पण आजच्या ताकदवान गाड्या तिसऱ्या-चौथ्यातही चढतात. त्यापेक्षा एक गिअर खाली धरा. ब्रेकला हात न लावता वेग वाढत असेल तर आणखी एक खाली. गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा. ब्रेक वळणाआधी, ठाम दाबून, मग पूर्ण सोडायचा. पाय हलका टेकवून ठेवला की पॅडला गार व्हायला उसंतच मिळत नाही.

डी-४०४: ब्रेक ऑईलकडेही बघा. नवं डॉट ३ प्रतीचं ऑईल किमान २०५ अंशांना उकळतं, पण हवेतला ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चं २३० वरून १५५. ऑईल दोन वर्षांहून जुनं असेल तर शनिवारच्या आत बदलून घ्या. लक्षणं दोन प्रकारची असतात. पेडल स्पंजासारखं होऊन खोल गेलं तर ऑईलमध्ये वाफ झाली आहे. पेडल टणक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत. दोन्हीत गिअर एकेक करून खाली आणा, पेडल खोल जात असेल तर भराभर पंप करा, हँडब्रेक हळूहळू ओढा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते.

ए-३०१: आणि पोलिसांनी हात केला तर? बऱ्याच जणांची तिथेच तारांबळ उडते.

सी-५०२: इंडिकेटर द्या, वेग कमी करा, म्हणजे तुम्ही पाहिलंय हे त्यांना कळतं. पोलिसाने जागा दाखवली असेल तर तिथेच, नाहीतर वळण संपल्यावर रस्ता रुंद होतो तिथे थांबा. आंधळ्या वळणात उभं राहायचं नाही. इंजिन बंद, हात स्टिअरिंगवर, रात्री आतला दिवा लावा. कागद सांगितल्यावर काढा. दरीच्या बाजूला कोणी उतरू नका. आणि फोटोसाठी थांबणाऱ्यांनो, उतारावर खडी भरलेली जी बाजूची वाट असते, ती ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसाठी आहे. तिथे गाडी लावू नका.

ए-१०३: एकत्र जाताना अंतर किती ठेवायचं?

डी-४०४: किमान तीन सेकंद, ओल्यात पाच. एकमेकांना चिकटून जाऊ नका, नाहीतर मागचा चालक रस्ता सोडून पुढच्याच्या दिव्यांकडे बघत चालवतो. चुकामूक झाली तर घाटमाथ्यावर भेटू. मागून कोणी घाईत आला तर रुंद जागा बघून त्याला पुढे जाऊ द्या. अरुंद ठिकाणी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची.

बी-४०२: आमची इलेक्ट्रिक गाडी आहे. घाटमाथ्यावर पूर्ण चार्ज करून खाली उतरलं तर चालेल ना?

बी-२०१: नाही वहिनी. बॅटरी भरलेली असली की गाडीला उतारावरची वीज साठवायला जागा राहत नाही, मग मोटरचा ब्रेक कमी होतो आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. माथ्यावर ८० टक्क्यांना चार्जर काढा. उतार सुरू व्हायच्या आधी रीजन, म्हणजे हाच वीज साठवणारा मोटरचा ब्रेक, सर्वांत वरच्या पातळीवर ठेवा आणि क्रूझ कंट्रोल बंद करा.