सुंभ म्हणजे नक्की कोणती दोरी?

पानगळ : एका कथेचा अनुवाद करते आहे. सून सासूबद्दल म्हणते, 'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.' मी सुंभ म्हणजे सुतळी धरून चालले होते. आईने फोनवरच झापलं : "सुतळी कसली? सुंभ काथ्याचा!" कोण बरोबर?

तिरकस : आई. नारळाची सोडणं कुजवून, कुटून काथ्या काढतात. तो वळला की सुंभ. सुतळी तागाची.

उंबरा : काथ्याचाच असं काही नाही. आजोबा अंबाडीचा वाख मांडीवर वळायचे, त्यालाही सुंभच म्हणत. आधी एकेक पेड एका दिशेने पिळायचा, मग दोन पेड एकमेकांवर उलट दिशेने चढवायचे. म्हणून दोर हातातून सुटला तरी उलगडत नाही. चुलीत तुकडा टाकला तर राखेतसुद्धा पीळ दिसतो, फुंकर मारेपर्यंत. म्हण ज्याने केली त्याने हे बघितलं असणार.

बोरूबहाद्दर : सुतळी म्हटल्याने म्हण बुडते का? आजच्या पोरांना सुतळी तरी ठाऊक आहे, तीही बॉम्बमुळे. १८५७च्या मोल्सवर्थच्या शब्दकोशावर किती दिवस काढायचे?

तिरकस : मग दावं, कासरा, वेसण, चऱ्हाट, सगळ्यालाच दोरी म्हणा. 'दिवस कासराभर वर आला' ऐवजी 'दोरीभर वर आला'. चालेल?

बोरूबहाद्दर : कळलं तर चालेल.

गोमटी : आमच्याकडे 'सुंभासारखा उभा काय राहिलास' म्हणतात. तो हाच का? दोर नुसता पडून असतो म्हणून?

उंबरा : नाही हो, तो शुंभ. शुंभ-निशुंभातला.

तिरकस : देवीशी लढायला गेलेला असुर ढिम्म कसा? मला दोरच पटतो.

गोमटी : मग 'नाडणे' नाड्यावरून आलं असेल. नाड्याने बांधला की माणूस नाडला!

बोरूबहाद्दर : हे ओढूनताणून झालं. दामोदर मात्र खरंच दाव्यातला : दाम म्हणजे दावं, ते उदराला बांधलेला.

पानगळ : अहो, सासूचं काय करू? उद्या मजकूर द्यायचाय.

उंबरा : आईला विचारा. बाकी आपला हा काथ्याकूट झकास चाललाय. पण त्यातला 'कूट' कुटण्याचा की कूटप्रश्नाचा?

तिरकस : कुटण्याचा. यात विचारण्यासारखं काय आहे?

गोमटी : आहे ना! थांबा, जेवून येते.