मदत हवी आहे : फास्टर फेणेला कोणता क्लास द्यावा?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात नौपाड्याला आमच्या घरी दर शनिवारी डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे एकेका पात्राची भूमिका घेऊन फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याच्या खेळाचा, डाव रंगतो. माझी भाची, तिच्या बिल्डिंगमधली तीन पोरं, आणि डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी. नियम पाचव्या आवृत्तीचे, गोष्ट मराठीत.

या खेळातले बरेचसे क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, कथा-कादंबऱ्यांतल्या नायकांवरूनच आलेत. रानावनात माग काढणारा रेंजर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या अ‍ॅरागॉर्नवरून, रानटी योद्धा बार्बेरियन कॉननवरून. १९७४ च्या पहिल्या संचात फायटिंग-मॅन, मॅजिक-युजर आणि क्लेरिक (पुजारी) एवढेच होते. चोर आला १९७५ मध्ये, फ्रिट्झ लायबरच्या कथांतल्या ग्रे माउसरसारखे भामटे डोळ्यांसमोर ठेवून. म्हणून पोरांना म्हटलं, आवडता नायक तुम्ही आणा, क्लास मी बसवतो. एकाने घटोत्कच आणला, त्याचा झकास बार्बेरियन झाला. भाचीने आणला फास्टर फेणे.

चपळ आहे, कुठूनही निसटतो, म्हणून मी त्याला रोग (rogue, त्या चोराचाच आजचा क्लास) केलं. गेल्या शनिवारी गॉब्लिन पहारेकरी पाठमोरा उभा होता. मी म्हटलं, "स्नीक अ‍ॅटॅक कर, एक डी-सिक्स जादा मिळेल." म्हणजे बेसावध शत्रूवरच्या वाराला सहा बाजूंचा आणखी एक फासा, पडेल तितकी जादा इजा. तिने फासा मुठीत तसाच धरून ठेवला. "मामा, फेणे कुणाच्या पाठीत सुरा खुपसेल का?" मग पात्राच्या माहितीच्या शीटवरचा खंजीर खोडला आणि त्या जागी लिहिलं, सायकल.

पोरीचं अगदी बरोबर आहे. भा. रा. भागवतांचा फेणे जिंकतो तो डोळे उघडे ठेवून, डोकं चालवून. पण स्नीक अ‍ॅटॅक काढला तर रोगमध्ये उरतं काय? दर विषम लेव्हलला वाढतो तो तोच. दुसऱ्या लेव्हलची कनिंग अ‍ॅक्शन फेणेला शोभते: पळ, निसट, लप. रोगचा मास्टरमाइंड हा उपप्रकार तर फारच आवडला, बोनस अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे पाळीतल्या जादा छोट्या कृतीत, तीस फुटांपर्यंतच्या साथीदाराला हल्ल्यात हेल्प. पण तो तिसऱ्या लेव्हलला, आणि आमची पोरं अजून पहिलीवर.

माझा विचार असा: फेणेने शत्रूची खोड ओळखली, की स्नीक अ‍ॅटॅकचा डी-सिक्स साथीदाराच्या वाराला जोडायचा. नाव भाचीनेच ठेवलंय, 'ट्टॉक'. अडतं ते इथे. ओळखायला इनसाइटचा (समोरच्याचा हेतू ताडण्याचा) फासा टाकायला लावला तर तिची पाळी त्यातच जाते. आपोआप दिलं, आणि वर हेल्पचा अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा), तर घटोत्कच एका फटक्यात सगळं आटोपेल, बाकीच्या दोघांनी काय करायचं?

असा न मारणारा रोग कुणी खेळवलाय का? की सरळ बार्ड (गाण्या-गोष्टींनी साथीदारांना बळ देणारा, मंत्रही जाणणारा क्लास) करून इन्स्पिरेशनचा, म्हणजे साथीदाराला देण्याचा जादा, फासा द्यावा? मंत्र मात्र तिला अजिबात नकोत. शुक्रवारपर्यंत सुचवलंत तर नवी शीट लिहून ठेवतो.