शब्दचर्चा: 'बिस्किटाचं पीठ मळा' असं लिहू का?

पोळपाट

आई सहा महिने भावाकडे राहून आली. भाऊ जॉर्जियात असतो (अमेरिकेतल्या, रशियाशेजारच्या नव्हे). तिथल्या शेजारच्या आजींनी तिला त्यांच्याकडची बिस्किटं शिकवली आणि कृती एका कार्डावर लिहून दिली. ते कार्ड मराठीत उतरवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. दहा ओळी तर आहेत, म्हटलं अर्ध्या तासात होईल. आज तिसरा दिवस.

पहिली अडचण नावाचीच. तिकडच्या दक्षिणेत बिस्कीट म्हणजे चहात बुडवायची चकती नाही. तळहातावर मावेल एवढा उंच गोल, वरून तांबूस, आतून पांढरा नि मऊ. यीस्ट नाही, अंडं नाही, साखर असली तर चिमूटभर. सकाळी गरमागरम हाताने उकलायचं आणि आत लोणी-मध लावायचा, नाहीतर वर सॉसेजची पांढरी ग्रेव्ही ओतायची. दुसरी अडचण 'लाइट', 'फ्लफी' आणि 'फ्लेकी' या तीन विशेषणांची. पहिलं 'हलकी'. पुढची दोन?

तिसरी अडचण महागात पडली. 'पीठ मळून घ्या' असं लिहिलं आणि तसंच करून पाहिलं. दहा मिनिटं छान मळलं, झाकून ठेवलं, लाटलं. निघाले ते ठोकळे. बाबांनी त्यातला एक टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवून बघितला. बसला बरोबर.

चहाटळ

बिस्कीट एक ग्लुकोजचं आणि दुसरं सोन्याचं. तिसरं नको. पाव म्हणा आणि मोकळ्या व्हा.

जुनी खोड

पाव कसा म्हणणार? पावाला यीस्ट लागतं, इथे सोडा आणि बेकिंग पावडर आहे. आणि व्युत्पत्तीचाच हट्ट धरला तर तुमचं ग्लुकोजही बाद होईल. लॅटिनमध्ये 'बिस' म्हणजे दोनदा आणि 'कॉक्टस' म्हणजे शिजवलेलं, भाजलेलं. लांबच्या सफरीवर टिकावं म्हणून दोनदा भाजून वाळवलेला तो पदार्थ. जर्मन 'झ्वीबाक'चा अर्थही तोच. ग्लुकोज एकदाच भाजतात, जॉर्जियावालंही एकदाच. दोनदा भाजलेलं आपल्याकडे काय आहे? कोपऱ्यावरच्या बेकरीतला टोस्ट! आधी पाव भाजायचा, मग काप करून पुन्हा भट्टीत वाळवायचा. खरं बिस्कीट तो, आणि त्यालाच आपण बिस्कीट म्हणत नाही.

अमेरिकेत गोड चकतीला 'कुकी' म्हणतात, तो शब्द डचांचा. न्यूयॉर्क आधी त्यांचं न्यू ॲमस्टरडॅम होतं.

तेव्हा 'बिस्कीट'च ठेवा, मागे 'जॉर्जियाचं' लावा. आईंना कळतंय ना, झालं.

खारीबटर

'फ्लेकी'साठी शब्द शोधायची गरजच नाही, पदर सुटलेली. खारीला पदर सुटतात, चिरोट्याला सुटतात, ह्यालाही सुटू देत. 'फ्लफी'ला लुसलुशीत. 'खुसखुशीत' मात्र लिहू नका. शंकरपाळी खुसखुशीत असते, दाताखाली मोडते आणि विरघळते. बिस्कीट मोडत नाही, उकलतं. 'जाळीदार'ही नको, डोळ्यांसमोर ढोकळा येतो. 'भुसभुशीत' मातीला ठेवा.

पोळपाट

'पदर सुटलेली' एकदम पटलं! पण कार्डावर लोणी 'पिठात घाला' एवढंच आहे. तिथे 'मोहन घाला' चालेल?

रवाळ

नाही हो, तिथेच घात होईल! मोहन म्हटलं की मराठी हात आपोआप तूप कडकडीत तापवतो. तापलेलं तूप पिठाच्या कणाकणाला लागतं, मूठ वळली की मोहन पुरेसं. त्याने पदार्थ खुसखुशीत होतो. वर चाललेला वाद खरं तर इथलाच आहे. पदर सुटायला उलटं करावं लागतं. लोणी फ्रीजमधून काढलेलं, घट्ट गार, आणि त्याचे वाटाण्याएवढे तुकडे पिठात तसेच राहिले पाहिजेत. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं. भट्टीत लोणी वितळतं, पाण्याची वाफ होते, ती वाफ पिठाचे थर उचलते. तुपात पाणीच नाही, थर कोण उचलणार?

म्हणून 'गार लोणी बोटांच्या टोकांनी पिठात चुरा, भरड राहू द्या' असं लिहा. तळहात लावू नका, तळहात गरम असतो.

जुनी खोड

आता मूळ प्रश्न. 'मळणे' इथे चूकच. मराठीत पिठाला हात लावायच्या पायऱ्या आहेत: कालवणं, भिजवणं, मळणं आणि तिंबणं. भिजवण्यात जोर नाही, मळण्यात आहे, तिंबण्यात तर घाम आहे. पुरणपोळीची कणीक तिंबतात कारण तिला ताण हवा. 'कणीक तिंबणे' हा वाक्प्रचार माणसाला झोडपण्यासाठी वापरतो तो उगाच नाही. जोर लावाल तेवढं ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं गव्हातलं प्रथिन, बळावतं. पोळीला ते हवं, बिस्किटाला नको. तिथे 'कालवा आणि गोळा करा' लिहा, बस.

गंमत म्हणजे दक्षिणेत एके काळी तिंबलेलंच बिस्कीट होतं. 'बीटन बिस्किट' म्हणत. बेकिंग पावडर घरोघर येण्याआधी, एकोणिसाव्या शतकात, पिठाचा गोळा लाकडी ठोकळ्यावर ठेवून मोगरीने नाहीतर कुऱ्हाडीच्या पाठीने अर्धा-अर्धा तास बडवायचे, वर फुगे दिसेपर्यंत. पाहुणे असतील तर आणखी. बडवणाऱ्या बहुतेक गुलाम स्त्रिया. खाणारे वेगळे. ते बिस्कीट घट्ट, चपटं, फिकट. आजींचं मऊ बिस्कीट त्यानंतरचं, सोडा-पावडर स्वस्त झाल्यावरचं.

चहाटळ

म्हणजे ताईंनी दहा मिनिटं मळून थेट एकोणिसावं शतक गाठलं.

पोळपाट

गाठलं, आणि टेबलही स्थिर झालं.

आई म्हणते, तिथे पीठच वेगळं होतं. पिशवीवर 'व्हाइट लिली', टेनेसीतल्या नॉक्सव्हिलमध्ये १८८३ साली सुरू झालेला ब्रँड.

रवाळ

ते मऊ जातीच्या हिवाळी गव्हाचं, प्रथिनं साधारण ८-९ टक्के. आपला मैदा बहुतेक त्याहून चिवट. एका वाटीतला दोन मोठे चमचे मैदा काढून तेवढंच कॉर्नफ्लॉवर घाला, बरंच जवळ जातं. पण 'कणीक' हा शब्द कार्डावर कुठेही येऊ देऊ नका, गव्हाचं पीठ डब्यातून बाहेर येईल.

खारीबटर

आणि 'बटरमिल्क'ला काय लिहिणार? 'ताक' लिहिलंत तर आमच्याकडे मठ्ठ्यासारखं पाणी पडेल.

पोळपाट

शब्द तर ताकच आहे ना? लोणी काढल्यावर उरतं ते.

खारीबटर

मूळ अर्थाने हो. पण तिकडे दुकानात मिळतं ते कमी स्निग्धांशाच्या दुधाला विरजण लावलेलं, दाट. 'आंबटसर दही पाणी घालून सरबरीत केलेलं' असं लिहा. लांब आहे पण चुकणार नाही. आंबट हवंच, त्याशिवाय सोडा काम करत नाही.

पोळपाट

कार्ड आत्तापर्यंत असं झालंय:

*दोन कप मैदा, एक मोठा चमचा बेकिंग पावडर, पाव चहाचा चमचा खायचा सोडा, चहाचा चमचाभर मीठ चाळून घ्या. ८५ ग्रॅम गार लोणी बोटांनी चुरा, भरड राहू द्या. पाऊण कप सरबरीत आंबट दही घालून कालवा, गोळा करा. मळू नका. ओट्यावर थापून तीन-चार वेळा घडी घाला, पुन्हा बोटभर जाड थापा. वाटीने पाडा. एकमेकांना चिकटून मांडा. २२० अंशांवर १२ ते १५ मिनिटं.*

रवाळ

'थापा' आणि 'घडी' उत्तम. 'वाटीने पाडा'वर आक्षेप. वाटीची कड गोलसर असते, ती कापत नाही, दाबते. शिवाय पुऱ्या पाडताना आपण वाटी जरा फिरवतो. इथे फिरवली की कडेचे पदर मिटतात आणि बिस्कीट वाकडं फुगतं.

पोळपाट

आईला विचारलं. ती म्हणाली, 'त्या आजी टिनच्या रिकाम्या डब्याने पाडायच्या, दोन्ही बाजू कापलेल्या. वरून सरळ खाली दाबायचा, सरळ वर काढायचा.' मग हे कार्डावर का नाही? तर म्हणे, 'त्यांना वाटलं असेल, हे कोणाला सांगावं लागतं!'